छतावर सोलर, दारात ई-गाडी: सही करण्याआधी घड्याळ बघा



हल्ली प्रशिक्षणाला बसलेल्यांपैकी दोघं-तिघं तरी हा प्रश्न विचारतातच. "सर, गाळ्याच्या छतावर सोलर बसवतो आणि डिलिव्हरीला इलेक्ट्रिक तीनचाकी घेतो. लाईट बिल शून्य, डिझेल शून्य. बरोबर ना?"

अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं समजून न घेता कोटेशनवर सही केली, तर पुढची पाच वर्षं बँकेचा हप्ता धंद्यातून न निघता खिशातून जातो. व्हिडिओत आकडे जरा भराभर पुढे गेले, म्हणून इथे सावकाश बघूया. जवळ कागद, पेन आणि तुमचं शेवटचं लाईट बिल ठेवा.

आज एकच गोष्ट डोक्यात पक्की करायची आहे. सोलरचा फायदा किती, हे पॅनेलच्या कंपनीपेक्षा तुमच्या कामाच्या वेळेवर जास्त ठरतं. सूर्य पूर्ण जोरात काम करतो ते साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन. त्या वेळेत तुमचा धंदा वीज खातो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आधी 'युनिट' समजून घेऊ

१,००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट वीज जाते. मोटारीवर एचपी लिहिलेलं असतं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे ३ एचपीची मोटार पूर्ण लोडवर तासभर चालली की सव्वादोन युनिटं.

आता सोलरची बाजू. आपल्या महाराष्ट्रात १ किलोवॅटचे पॅनेल वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साधारण ४ युनिटं देतात. सरासरी हा शब्द नीट लक्षात ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये जास्त मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये, खासकरून कोकण, कोल्हापूर, महाबळेश्वर पट्ट्यात, बरीच कमी. कोटेशन घेऊन येणारा माणूस उन्हाळ्यातला आकडा दाखवतो. तुम्ही वर्षाचा आकडा मागायचा.

जागा किती लागते? एका किलोवॅटला साधारण ७० ते १०० चौरस फूट, तीही सावली न पडणारी. पाण्याची टाकी, शेजारची इमारत, नारळाचं झाड, मोबाईलचा टॉवर, सगळं बघा. पॅनेल एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात. त्यामुळे एका पॅनेलवर सावली पडली तरी अख्ख्या साखळीची वीज कमी होऊ शकते.

तीन धंदे, तीन घड्याळं

एकाच गल्लीत शेजारी-शेजारी तीन धंदे आहेत असं समजा. तिघांचं लाईट बिल जवळपास सारखंच आहे.

पहिला लाकडी घाण्याचा. सकाळी नऊला सुरू होतो, संध्याकाळी पाचला बंद. याची मोटार नेमकी उन्हाच्या वेळेत चालते.

दुसरी बेकरी. भट्टी आणि कणीक मळायचं मशीन पहाटे तीन-चारला सुरू होतं, सूर्य वर येईपर्यंत निम्मं काम संपलेलं असतं. दुपारी राहतात फक्त दिवे आणि फ्रीज.

तिसरं संध्याकाळचं स्नॅक्स सेंटर. सगळी धावपळ सहा ते अकरा. पण डीप फ्रीजर मात्र चोवीस तास चालू.

तिघांनी सारखेच पॅनेल बसवले तरी फायदा वेगवेगळा होणार. घाणेवाल्याची वीज बनली की लगेच खपते. बेकरीवाल्याची बरीचशी वीज बाहेर लाईनमध्ये जाते. स्नॅक्सवाल्याचा फ्रीजर थोडी खातो, उरलेली बाहेर. तुमचा धंदा यातल्या कुणासारखा आहे, ते आत्ताच ठरवा.

मीटरच्या अलीकडे आणि पलीकडे

छतावर बनलेलं युनिट दोनच ठिकाणी जाऊ शकतं. एक म्हणजे मीटरच्या अलीकडे, तुमच्याच मोटारीत. दुसरं म्हणजे मीटर ओलांडून पलीकडे, वीज कंपनीच्या लाईनमध्ये.

अलीकडे खपलेल्या युनिटाचं गणित साधं आहे. तेवढं युनिट तुम्ही विकत घेतलं नाही, म्हणजे तेवढे पैसे वाचले.

पलीकडे गेलेल्या युनिटाचं काय होतं, ते नियमावर ठरतं. नेट मीटरिंगमध्ये दिलेली युनिटं घेतलेल्या युनिटांमधून वजा होतात आणि वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी दर मिळतो. नेट बिलिंगमध्ये दिलेल्या युनिटाला वेगळा, कमी दर लावून रक्कम बिलातून वजा होते. केंद्राच्या नियमांनुसार नेट मीटरिंग ५०० किलोवॅटपर्यंत किंवा तुमच्या मंजूर भाराइतकं, यातलं जे कमी असेल तेवढं मिळतं.

मोठी मंडळी वीज कंपनीची लाईन बँकेसारखी वापरतात. केरळमधला कोचीन विमानतळ १८ ऑगस्ट २०१५ पासून पूर्णपणे सौरऊर्जेवर चालतो, असं तुम्ही वाचलं असेल. पण तिथेही विमानं रात्री उतरतातच की! दिवसा त्यांच्या प्रकल्पातली जादा वीज लाईनमध्ये जमा होते आणि रात्री तीच परत घेतली जाते. ही सोय चांगलीच आहे. पण या जमा-खर्चाचे नियम वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत असतात.

एक बदल तर तुमच्या बिलावर दिसूही लागला असेल. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि दिवसाच्या वेळेनुसार वेगळा दर ठरवला. उन्हाच्या आठ तासांत दर १० ते २० टक्के कमी, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी जास्त. १० किलोवॅटपेक्षा जास्त मागणी असलेल्या व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना तो १ एप्रिल २०२४ पासून, तर शेती सोडून बाकीच्यांना १ एप्रिल २०२५ पासून लागू करायचा होता. तसं मोजणारं मीटर बसलं की लागू. आपल्याकडे त्यालाच टीओडी मीटर म्हणतात.

याचा तुमच्याशी संबंध काय? दुपारचं युनिट स्वस्त आणि रात्रीचं महाग झालं, की दुपारी दिलेलं युनिट रात्री 'जसंच्या तसं' परत मिळेल, असं गृहीत धरता येत नाही. म्हणून तुमच्या ग्राहक वर्गाला आज कोणती पद्धत लागू आहे, हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन लेखी विचारा. बेस्ट, टाटा, अदानीचे ग्राहक असाल तर त्यांच्याकडे. आणि तुमचं गणित मुख्यतः मीटरच्या अलीकडे खपणाऱ्या युनिटांवर उभं करा. नियम कुठलाही येवो, स्वतः वापरलेल्या युनिटाचा हिशेब सगळ्यात कमी हलतो.

उदाहरण: लाकडी घाणा

आता आकडे मांडूया. हे समजण्यासाठी घेतलेले आकडे आहेत. त्यांच्या जागी तुमचे आकडे टाका.

दोन घाणे, प्रत्येकी ३ एचपी. दोन्ही मिळून पूर्ण लोड ४.५ किलोवॅट, पण चालताना सरासरी ३.५ धरू. रोज सहा तास म्हणजे २१ युनिटं. फिल्टर, दिवे, पंखे, पॅकिंग मशीन यांची ३ युनिटं. डिलिव्हरीच्या ई-तीनचाकीची ८ युनिटं. एकूण रोज ३२. महिन्याला २६ दिवस काम, म्हणजे साधारण ८३० युनिटं.

पहिला प्रश्न: तुम्हाला एक युनिट खरं कितीला पडतं? बिलाच्या एकूण रकमेतून स्थिर आकार वजा करा, कारण सोलर बसवलं तरी तो भरावाच लागतो. उरलेल्या रकमेला युनिटांनी भागा. समजा बिल ८,८०० रुपये, त्यात स्थिर आकार ५०० आणि वापर ८३० युनिटं. म्हणजे ८,३०० भागिले ८३०, युनिट पडलं १० रुपयांना. टीओडी मीटर असेल तर दिवसाच्या वेळेचा दर घ्या, कारण सोलर तुमचं दिवसाचंच युनिट वाचवणार आहे. इथेच बरेच जण रात्रीचा महाग दर धरून बचत फुगवून दाखवतात.

दुसरा प्रश्न: किती किलोवॅट बसवायचं? रोजची ३२ युनिटं भागिले ४ म्हणजे ८ किलोवॅट, असं लगेच म्हणू नका. घाणा आठवड्याला एक दिवस बंद असतो, सूर्याला मात्र सुट्टी नाही. वर्षाचा वापर ८३० गुणिले १२ म्हणजे ९,९६० युनिटं. ७ किलोवॅटचं वर्षाचं उत्पादन ७ गुणिले ४ गुणिले ३६५ म्हणजे १०,२२० युनिटं. सात पुरे झाले. आठवा किलोवॅट फक्त कोटेशनचा आकडा वाढवतो.

तिसरा प्रश्न: खर्च किती? किलोवॅटला ५५ हजार धरू. सातचे ३,८५,००० रुपये, त्यावर जीएसटी धरून साधारण ४,१९,०००. स्वतःचे १,१९,००० घातले आणि ३ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता बसतो महिन्याला साधारण ६,५२० रुपये.

आता दोन चित्रं शेजारी-शेजारी ठेवू.

पहिलं चित्र: घाणा दिवसा चालतो आणि गाडी दुपारी चार्ज होते. सुट्टीच्या दिवशीची वीज नेट मीटरिंगमधून वळती होते. जवळपास सगळ्या युनिटांची किंमत १० रुपये मिळते. वर्षाची बचत साधारण १ लाख, महिन्याला ८,३००. हप्ता ६,५२०. प्लांट स्वतःचा हप्ता भरून वर थोडे तुमच्या हातात ठेवतो. सव्वाचार वर्षांत पैसे वसूल.

दुसरं चित्र: घाणा तोच, पण मालक दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी सहानंतर घाणा चालवतो. जोडधंदा म्हणून सुरुवात करणारे तुमच्यापैकी कितीतरी जण असेच आहात. गाडीही रात्रीच चार्ज होते. समजा निम्म्या युनिटांची किंमत १० रुपये मिळाली आणि निम्म्यांची फक्त ३. मग वर्षाची बचत ६६,४३० रुपये, महिन्याला ५,५३५. हप्ता तोच ६,५२०. दर महिन्याला सुमारे हजार रुपये खिशातून, आणि वसुलीला सव्वासहा वर्षं.

दोन्ही चित्रांत पॅनेल, छत आणि बँक तीच आहे. बदललं ते फक्त घड्याळ.

गाडीचं गणित वेगळं मांडा

सोलर आणि गाडी यांची बेरीज करून 'दोन्ही मिळून एवढी बचत' असं कुणी सांगितलं, तर थांबवा. दोन्ही हिशेब वेगळे करायला सांगा. का, ते बघा.

तीनचाकी मालगाडी रोज ८० किलोमीटर, महिन्याला २,०८० किलोमीटर धावते असं धरू. डिझेल गाडी लिटरला २६ किलोमीटर देते आणि डिझेल ९० रुपये. महिन्याला ८० लिटर, म्हणजे ७,२०० रुपये.

इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगमधली गळती धरून एका युनिटात १० किलोमीटर जाते असं धरू. महिन्याला २०८ युनिटं. लाईनची वीज १० रुपयांनी घेतली तर २,०८० रुपये.

सोलरचं युनिट कितीला पडतं? ४,१९,००० चा प्लांट, मध्ये एकदा इन्व्हर्टर बदलायचा खर्च, वीस वर्षांची साफसफाई, असं सगळं धरून आणि पॅनेलची ताकद दरवर्षी थोडी घटते हेही मोजून, व्याज सोडलं तर युनिट साधारण ३ रुपयांना पडतं. म्हणजे २०८ युनिटांचे ६२४ रुपये.

नीट बघा. डिझेलवरून इलेक्ट्रिकवर आलात की महिन्याला ५,१२० रुपये वाचले. लाईनवरून सोलरवर आलात की आणखी १,४५६. मोठी बचत गाडी बदलल्याने झाली, सोलरने त्यावर भर घातली. म्हणून भांडवल कमी असेल आणि गाडी रोज ७०-८० किलोमीटर पळत असेल, तर आधी गाडी घ्या, सोलर नंतर. उलट गाडी रोज २०-३० किलोमीटरच फिरत असेल आणि मशीन दिवसभर चालत असेल, तर आधी सोलर.

आणि फक्त एका गाडीसाठी सोलर बसवू नका. सोलर धंद्याच्या मशीनवर उभं करा, गाडी त्यावर बसवा.

गाडी घेताना बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, बदलायची वेळ आली तर आजचा खर्च किती, जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब, हे तीन प्रश्न लेखी विचारा. भरलेल्या गाडीची रेंज कागदावरच्या रेंजपेक्षा कमी असते. घाट, चढ आणि ओव्हरलोड असेल तर आणखी कमी.

गाडी दुपारी कशी चार्ज करायची?

अडचण सरळ आहे. ऊन असतं तेव्हा गाडी रस्त्यावर असते, आणि गाडी दारात येते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. यावर उपाय वेळापत्रकात आहे.

डिलिव्हरी दोन फेऱ्यांत वाटा. सकाळी आठ ते बारा पहिली फेरी. बारा ते तीन गाडी चार्जिंगला, ड्रायव्हर जेवणाला, माल दुसऱ्या फेरीसाठी भरायला. तीन ते सात दुसरी फेरी. अडीच किलोवॅटचा चार्जर तीन तास चालला की साडेसात युनिटं गाडीत जातात, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या दिवसाच्या गरजेइतकी जवळपास. वर लागेल तेवढं थोडं रात्री.

दुचाकीवर डबे किंवा पार्सल पोचवत असाल तर आणखी सोपं. बॅटरी काढता येणारी स्कूटर घ्या. एक बॅटरी गाडीत, दुसरी दुकानात चार्जिंगला.

चार्जिंगचं काम करताना वायरिंगमध्ये काटकसर नको. तासन् तास मोठा करंट ओढला जातो. साध्या बोर्डाला एक्स्टेंशन लावून गाडी चार्ज करणं म्हणजे आगीला आमंत्रण. चार्जरसाठी मेन बोर्डापासून वेगळी वायर, वेगळी एमसीबी, करंट गळाला तर ताबडतोब वीज तोडणारं आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग. हे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

मंजूर भारही तपासा. घाण्याचे साडेचार, चार्जरचे अडीच, बाकीचा एक, म्हणजे आठ किलोवॅट झाले. बिलावर मंजूर भार ५ लिहिलेला असेल तर आधी तो वाढवून घ्यावा लागेल, आणि त्याने स्थिर आकार वाढू शकतो. तो वाढही हिशेबात धरा. सोलरच्या बाबतीत फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने एक सोय झाली आहे. १० किलोवॅटपर्यंतचा पूर्ण भरलेला अर्ज तांत्रिक पडताळणीशिवाय मान्य धरायचा आणि सोलरसाठी लागेल तेवढा मंजूर भार वीज कंपनीने वाढवून द्यायचा. याच दुरुस्तीनुसार ई-गाडी चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं.

लाईट गेली की सोलरही बंद

हे ऐकून लोक चकित होतात. भर दुपारी लख्ख ऊन आहे, छतावर पॅनेल आहेत, तरी लाईट गेली की घाणा थांबतो. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईन बंद पडली की स्वतः बंद होतो आणि ते मुद्दाम तसंच ठेवलेलं असतं. नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या छतावरची वीज धक्का देईल.

लाईट गेल्यावरही काम चालू हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. खर्च बराच वाढतो. त्यात मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तो पेलणारी यंत्रणा आणखी महाग. म्हणून बॅटरीवर मोटार चालवायचा मोह आवरा. बिलिंगचं मशीन, दिवे, फ्रीज एवढ्यापुरती छोटी सोय बहुतेक धंद्यांना पुरते. तुमच्या भागात आठवड्यातून किती तास लाईट जाते, ते महिनाभर वहीत लिहा आणि मग ठरवा.

अनुदान, जीएसटी, घसारा

सगळ्यात मोठा गैरसमज अनुदानाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने'त पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. पण ते घरगुती ग्राहकांसाठी आहे. दुकान, गाळा, कारखान्याच्या कनेक्शनला नाही. सातारा जिल्ह्यातलं मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, ती बातमी पाहून बरेच उद्योजक दुकानाच्या छतासाठी अनुदान विचारतात. व्यावसायिक कनेक्शनवर 'अनुदान मिळवून देतो' म्हणून कुणी ॲडव्हान्स मागितला, तर देऊ नका.

घरगुती मीटरवर अनुदान घेऊन त्यावर धंदा चालवायची आयडिया कुणी दिली तर तीही नको. वापराचा प्रकार बदलला की वीज कंपनी फरकाची रक्कम आणि दंड लावू शकते.

व्यवसायाला मिळणारा फायदा दुसरीकडे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. साहित्य आणि बसवणं एकत्र असलेल्या कामात ७० टक्के रकमेला ५ आणि ३० टक्के रकमेला १८ टक्के, असा मिळून ८.९ टक्के जीएसटी पडतो. कोटेशनवर जुना हिशेब दिसला तर विचारा. तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल तर याचं क्रेडिट घेता येईल का, हे सीएला विचारा. कंपोझिशनमध्ये असाल तर ते मिळत नाही. आयकरात सोलर प्लांटला ४० टक्के दराने घसारा मिळत आला आहे, पण वापर त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच. शिवाय घसाऱ्याचा उपयोग नफा असेल तरच. पहिल्याच वर्षी तोट्यात असलेल्या धंद्याला तो लगेच कामाला येत नाही.

गाडीच्या अनुदानाचे नियम आणि रकमा वरचेवर बदलतात. माझा नियम साधा आहे. गणित अनुदान शून्य धरून करा. त्यात धंदा बसला तर पुढे जा. अनुदान मिळालं तर दिवाळी!

गाळा भाड्याचा असेल तर

आपल्याकडे भाडेकरार बहुतेक अकरा महिन्यांचा, आणि सोलरची वसुली चार-पाच वर्षांची. हा मेळ बसत नाही. वीज कनेक्शनही बहुधा मालकाच्या नावावर असतं, म्हणजे नेट मीटरचा अर्ज त्याच्याच नावाने जाणार.

मालकाशी बोला. किमान पाच-सहा वर्षांचा नोंदणीकृत करार, छत वापरायची लेखी परवानगी आणि जागा सोडताना प्लांट कुणाचा, हे तीनही मिळालं तरच पैसे घाला. काही मालक निम्मा खर्च उचलायलाही तयार होतात, कारण शेवटी छत त्यांचं आहे. हे जमत नसेल तर सध्या सोलर विसरा. ई-गाडी घ्या, आणि टीओडी मीटर असेल तर दिवसाच्या स्वस्त दरात ती चार्ज करा. गाडी गाळ्याबरोबर मागे राहत नाही, तुमच्याबरोबर येते.

छत कसलं आहे, हेही बघा. स्लॅब असेल तर सोपं. लोखंडी पत्रा असेल तर खालचे अँगल-कैच्या वजन आणि वारा सहन करतील का, हे इंजिनिअरकडून तपासा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर माणूस चढणंही धोक्याचं, पॅनेल तर लांबच.

कोटेशन हातात आलं की हे विचारा

किमान तीन कोटेशनं घ्या आणि प्रत्येकाला हेच प्रश्न विचारा.

१. वर्षभरात किती युनिटं मिळतील? महिन्यानुसार तक्ता द्या.
२. पॅनेल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर यांची वॉरंटी वेगवेगळी किती? पॅनेलला २५ वर्षं म्हणतात, पण ती वीज देण्याच्या क्षमतेची असते. इन्व्हर्टरची त्यापेक्षा बरीच कमी.
३. नेट मीटरचा अर्ज, फी आणि पाठपुरावा कोण करणार?
४. वीज अटकाव यंत्रणा, अर्थिंग, एमसीबी किमतीत धरलंय का?
५. बिघाड झाला तर किती दिवसांत माणूस येईल?
६. शेवटचा हप्ता नेट मीटर लागून प्लांट सुरू झाल्यावर घ्याल का?

सहाव्या प्रश्नावर जो कुरकुर करतो, त्याच्याबद्दल जरा जास्त चौकशी करा. तिघांनीही आधी बसवलेल्या दोन-दोन ठिकाणांचा पत्ता मागा आणि स्वतः जाऊन तिथली बिलं बघा.

बसवल्यावर पॅनेल पुसायची जबाबदारी एका माणसावर टाका. पिठाची, मसाल्याची गिरणी किंवा रस्त्याची धूळ असेल तर आठवड्याला एकदा, नाहीतर पंधरा दिवसांनी. सकाळी लवकर, काच थंड असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

सात दिवस एक वही मीटरजवळ ठेवा. रोज चार वेळा मीटरचा आकडा लिहा: सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि रात्री दुकान बंद करताना. आठवड्याच्या शेवटी दोनच बेरजा करा. नऊ ते पाच किती युनिटं गेली आणि बाकीच्या वेळेत किती.

नऊ ते पाचचा वाटा दोन-तृतीयांशाच्या वर असेल तर सोलरची कोटेशनं मागवा. निम्म्याच्या खाली असेल तर आधी कुठलं काम दिवसा आणता येईल ते बघा. दळण, पाणी भरणं, बर्फ-आईस्क्रीम गोठवणं, पॅकिंग, गाडीचं चार्जिंग. एकेक काम उन्हाच्या वेळेत सरकवा आणि पुन्हा सात दिवस मोजा. आकडा सुधारला तर पुढे जा. नाही सुधारला, तरी काही बिघडलं नाही. चार-पाच लाख रुपये अजून तुमच्याच खात्यात आहेत, आणि ते धंद्यात दुसरीकडे कामाला येतील.

पुढच्या भागात बँकेत कर्जाची फाईल नेताना काय काय जोडायचं, ते बघू. तोवर वही भरायला घ्या!